आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायची मोटर) चालू होते, पण थोड्या वेळात बंद पडते. काय बघू? (चांदोद/बडोदा)

दांडियाबाजारचा_नातू
नमस्कार मंडळी. नर्मदेकाठी चांदोदला काकांची फायबरची छोटी बोट आहे. तिला ८ एचपीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, सेकंडहँड घेतलेली. पावसाळाभर शेडमध्ये झाकून होती. आता दोन-तीन वेळा दोरी ओढली की चालू होते, पण घाट सोडून जरा आत गेलो की आचके देऊन बंद. पाच मिनिटं थांबलं की परत चालू, परत तेच. प्लग नवे, पेट्रोल नवं. दिवाळीनंतर सासरची मंडळी येतायत, त्यांना बोटीने करनाळीला कुबेरभंडारीच्या दर्शनाला न्यायचंय. बजेट जास्तीत जास्त ४००० रुपये. नवी मोटर कृपया सुचवू नये.

रावपुऱ्याचे_राव
नवी फोर-स्ट्रोक घ्या. मी १५ एचपीची घेतली, एका दोरीत चालू, धूर नाही, शेजारी बसून गप्पा मारता येतात. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पैसे घालणं म्हणजे नर्मदेत टाकणं.

दांडियाबाजारचा_नातू
राव, बजेट चार हजार आहे, चार लाख नाही.

मालवणी_मामा
आमच्याकडे सगळे मच्छीमार केरोसीनवरच्या मोटरी वापरायचे. पेट्रोलवर चालू करायची, गरम झाली की केरोसीनवर घ्यायची. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात चालल्या. तुमची गोड्या पाण्यात बंद पडते म्हणजे कमाल आहे.

प्लग_आणि_पाना
मामा, केरोसीनची मोटर वेगळी येते, यांच्यात केरोसीन ओतायला सांगू नका.
नातू, कार्ब्युरेटर बघा. गेल्या सीझनचं पेट्रोल आत राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, तो जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात बसतो. चोक अर्धा ओढल्यावर मोटर चालत राहते का? राहत असेल तर जेटच.

मालवणी_मामा
ओता असं कुठे म्हटलं मी?

मांडवी_७
कार्ब्युरेटरच. माझंही तसंच झालं होतं. आणि हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने सोडली की पाणी तळाला बसतं. नवं पेट्रोल जुन्यावरच ओतलंत ना?

दांडियाबाजारचा_नातू
तळाशी थोडं जुनं होतं.

मांडवी_७
बघा!!

रावपुऱ्याचे_राव
ऑइल कोणतं घालता? स्कूटरचं टू-टी असेल तर संपलंच. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोक मोटरींचं खास ऑइल लागतं.

प्लग_आणि_पाना
स्कूटरच्या तेलाने काजळी धरते, पण पाच मिनिटांनी बंद आणि परत चालू असा खेळ होत नाही. प्रमाण मात्र बघा. बहुतेक मोटरींना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली.

रावपुऱ्याचे_राव
माझ्या ओळखीच्यांची याच कारणाने बंद पडायची. फोर-स्ट्रोकला ही भानगडच नाही.

महीकाठचा
उशिरा आलो. उघडाउघडी करण्याआधी इंधनाची भानगड आहे की ठिणगीची, ते ठरवा, त्याला एक पैसा लागत नाही. बोट घाटाला पक्की बांधा, गिअर टाकून चालवा. आचके सुरू झाले की टाकीतून मोटरकडे येणाऱ्या पाइपमधला रबरी बल्ब दाबत राहा. मोटर सावरली तर तिला पेट्रोल पुरत नाहीये: पंपाचा पडदा गेलाय, नाहीतर पाइप हवा ओढतोय. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल. बल्ब टणक राहूनही मोटर मरत असेल तर मग कार्ब्युरेटर. काहीच फरक पडत नसेल तर ठिणगी बघा, गरम झाल्यावर कॉइल दगा देते. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट येते ना, तेही बघून घ्या.

मांडवी_७
म्हणजे मी म्हटलं तेच, पेट्रोल.

सयाजीबागेतली_ताई
मोटरीचं कळत नाही, पण सासरच्यांना मधेच बंद पडणाऱ्या बोटीत बसवणार? लाइफ जॅकेट आहेत का प्रत्येकाला? जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावात बोट उलटून शाळेची मुलं गेली, ते आपण बडोदेकर विसरलो का? आणि दोन वल्ही ठेवा.

दांडियाबाजारचा_नातू
ताई, जॅकेट पाच आहेत, माणसं चारच. वल्ही आहेत.
महीकाठचा, आज करून बघितलं. बल्ब पार चपटा झाला. स्क्रू उघडाच होता, धार चांगली आहे. घाटावरचा नावाडी म्हणाला, "साहेब, कचरो आवे छे."

महीकाठचा
नावाडी बरोबर बोलला. टाकी पूर्ण रिकामी करून आतली जाळी धुवा. तरी नाही सुटलं तर पाइप, बल्ब आणि कनेक्टर एकत्र बदला. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटून वाट अडवतं, बाहेरून काही दिसत नाही. नवा बसवताना बल्बवरचा बाण मोटरकडे ठेवा. बजेटात आरामात बसेल.

प्लग_आणि_पाना
+१. बल्ब चपटा म्हणजे टाकीकडचाच घोटाळा. जेटचं मागे घेतो.

दांडियाबाजारचा_नातू
सगळ्यांचे आभार. पण काकांनी दुपारीच कार्ब्युरेटर काढून ओळखीच्या स्कूटरवाल्याकडे दिला. तो २५०० मध्ये धुऊन, नवं किट टाकून देतोय.

महीकाठचा
अहो, पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नाहीये!

दांडियाबाजारचा_नातू
कळलं. पण त्याने उघडलाय, आता काकांना नाही म्हणता येत नाही. शनिवारी मिळेल. उरलेल्या १५०० मध्ये पाइप बसला तर बघतो, जाळी नंतर.

महीकाठचा
जाळी फुकट आहे हो.

अलकापुरी_२
धागा आत्ता वाचला. कुबेरभंडारीला अमावास्या टाळून जा, पाय ठेवायला जागा नसते.