मुलाच्या किमोसाठी परगावी आहे, ओळखीचं कुणी नाही. आधार कुठे शोधू?

प्रश्न (लेकाची आई):
सहा वर्षांच्या लेकाला एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. इंडक्शन, म्हणजे किमोचा पहिला टप्पा, सुरू आहे. सगळे टप्पे धरून दोन-तीन वर्षं लागतील आणि सुरुवातीचे महिने हॉस्पिटलजवळच राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नवरा नोकरी आणि थोरलीला सांभाळत घरी, मी इथे एकटी. वॉर्डातल्या आया आपापल्या लेकराच्या सलाईनकडे डोळे लावून बसलेल्या, बोलायचं कसं? घरून फोन येतात, "काही लागलं तर सांग." काय सांगावं तेच सुचत नाही. त्यात इन्फेक्शनची धास्ती.

लेकीचा बाबा:
ताई, माझ्या लेकीची ट्रीटमेंट संपलीय, आता फक्त फॉलोअप. आधी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला गाठा. राहण्याची सोय, आर्थिक मदत, पालकांचे गट यांची माहिती त्यांच्याकडे असते, पण बहुतेकदा आपण विचारल्यावरच मिळते.

वॉर्डात बोलायला कामाचा प्रश्न काढा. "पोर्टवर (औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीवर) सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम कधी लावता?" एवढं मी विचारलं आणि शेजारच्या खाटेवरच्या आईने सगळं समजावलं. स्टिरॉइडवर लेक मध्यरात्री खायला मागायची, दिवसभर आमच्यावर खेकसायची. पोरगी कायमची बदलली या विचाराने मी खचलो होतो. "गोळ्या थांबल्या की निवळेल," असं त्याच माउलीने सांगितलं, आणि निवळलं. फक्त रिपोर्टची तुलना करू नका. आजाराचं नाव एकच असलं तरी रिस्क ग्रुप (धोक्याची पातळी) आणि प्रोटोकॉल (उपचारांचा आराखडा) वेगळे असतात, उगाच जीव टांगणीला लागतो.

बालकर्करोग वॉर्डातली नर्स:
काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली असताना बाळाला गर्दीत नेऊ नका, पण तुम्ही माणसं तोडू नका. मास्क लावून कॉरिडॉरमध्ये बोला, फोनवर बोला. सर्दी-खोकलावाल्यांना लांब ठेवा. कांजिण्या झालेल्या कुणाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला की ग्रुपवर विचारत बसायचं नाही, पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही. अर्ध्या रात्री का असेना, थेट हॉस्पिटल.

अशाच घरातली थोरली:
काकू, धाकट्याला हे झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, त्यामुळेच तो आजारी पडला असं मी कितीतरी दिवस मनात धरून होते. तुमच्या थोरलीला स्पष्ट सांगा: हे कुणामुळे झालेलं नाही आणि जवळ बसल्याने लागत नाही. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांपैकी एकाला तिच्या शाळेची ने-आण द्या, दुसऱ्याला रोजची खबर सगळ्यांना कळवायचं काम. म्हणजे तुम्हाला तेच ते दहा जणांना सांगावं लागणार नाही.

लेकाची आई:
उद्या राउंड झाला की सोशल वर्करकडे जाते. रोजच्या खबरीचं काम नणंदेवर सोपवलं. थोरलीशी आज रात्री मीच व्हिडिओ कॉलवर बोलते. लहान भावंडाला "कर्करोग" हाच शब्द सांगितलात का कुणी?