मदत हवी आहे: होस्टेलच्या खोलीत सॉकेट एक, मुलं चार

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सामानाची यादी करतोय. गादी खाट मोजूनच घ्यायची, कुलपं दोन, बादली, मग, दोरी, चिमटे, इथवर ठीक. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याचं वेगळं, पालकांचं वेगळं, तेही लिहिलंय.

अडलंय विजेपाशी. 6 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट झेपवतो. 1500 वॉटचा हीटिंग रॉड लावला की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकते, नाहीतर प्लगची पिन काळी पडू शकते. (रॉड जप्त होतो ते वेगळंच!) 65 वॉटचे चार लॅपटॉप आणि चार मोबाइल मात्र 400 वॉटच्या आतच राहतात.

मग एक्स्टेंशनची वायर 0.75 चौरस मिमीची पुरेल की 1 चीच घ्यायला सांगू? आणि पावसाळ्यात जीन्स खोलीतच वाळवायची तर कुबट वासावर काय करता?