कोसलाला १० पैकी ३? मग बोलावंच लागेल

रावेरी
दोन वर्षांत दुकानावर बसून वाचलेल्या कादंबऱ्या आणि माझे मार्क, १० पैकी. मृत्युंजय १०. पानिपत ९. स्वामी ९. दुनियादारी ८. बारोमास ५, चांगली आहे पण कपाशीवाल्याचं दुःख रोज उधारीच्या वहीत दिसतं, परत पैसे देऊन कशाला बघायचं. धग ४, रडकी. कोसला ३, काही घडतच नाही, एक पोरगा बापाच्या पैशावर पुण्यात बोंबलत फिरतो, नापास होतो, घरी येतो, संपलं. हिंदू १, शंभर पानांवर सोडली म्हणून १. वैयक्तिक मत आहे, नाही पटलं तर आपापली यादी टाका.

तापीकाठ
यादी नाही टाकत, उत्तर टाकतो, आणि लांब टाकतो कारण रात्री झोपताना वाचलं आणि झोप गेली.

काही घडत नाही म्हणे. भाऊ, मी १९९४ ला यावल तालुक्यातून पुण्याला गेलो, बारावीला गावात पहिला, पेढे वाटले होते. वडिलांची केळी होती पण व्यापारी पैसे द्यायला चार चार महिने लावायचा, तरी माझी मनीऑर्डर कधी चुकली नाही. आणि मी काय केलं, मेसचं बिल थकवलं, पिक्चर पाहिले, जर्नलची फी भरायची म्हणून खोटं पत्र लिहिलं. एफवायला दोन विषय राहिले. घरी आलो तर वडील स्टँडवर लुना घेऊन उभे, काही विचारलं नाही, मागे बसवलं, आणि अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलले की विहिरीवरची मोटार जळाली. बास.

त्यानंतर कोसला हातात आली. १९६३ सालची, आमच्याच तालुक्यातल्या सांगवीच्या, तेव्हा पंचविशीत असलेल्या माणसाने लिहिलेली, आणि मला वाटलं माझी चोरी कोणीतरी आधीच लिहून ठेवली आहे. आणि मनी? देवी येऊन ती लहान बहीण जाते ती पानं तू वाचली का रे खरंच, की चाळली? घडणं म्हणजे फक्त रथाचं चाक रुतणं का?

आणि एक सांग, दुनियादारीतला श्रेयस काय करतो? तोही बाहेरगावाहून पुण्यात येऊन कट्ट्यावरच बसतो ना? त्याला ८ आणि पांडुरंग सांगवीकरला ३, हे कोणतं गणित?

हिंदूचं मात्र जाऊ दे. २०१० ला आली तेव्हा मीही दोनदा सोडली. तिसऱ्यांदा कावीळ झाली होती, पथ्यावर पडून होतो, तेव्हा संपली. पण मोरगावचा भाग लागला की मग सुटत नाही एवढं सांगतो.

रावेरी
तुमचे वडील, तुमची लुना, सगळं कबूल. वाचून मलाही कसंतरी झालं. पण मार्क कादंबरीला द्यायचे का लुनाला?

आता माझं ऐका. पांडुरंगच्या बापाकडे पैसा होता. माझ्या बापाकडे नव्हता. अकरावीनंतर मला दुकानावर बसवलं, तेव्हापासून तिथेच आहे. ज्याला पुण्याला जायला मिळालं आणि जो तिथे जाऊन कंटाळला, त्याची मला दया येत नाही, सॉरी. कर्णाला शिकू दिलं नाही, ते मला कळतं. मृत्युंजय काउंटरखाली ठेवून वाचली, एक गिऱ्हाईक दोन किलो साखर न घेता परत गेलं तेव्हा भान आलं. अशी कोसलाने एक तरी साखर सोडायला लावली का?

दुनियादारीत मैत्री आहे, मारामारी आहे, प्रेम आहे. कॉलेज मी तिथेच केलं समजा.

सरपंचबाई, शिंदखेडा
आठ कादंबऱ्या. एकही बाईने लिहिलेली नाही. हे कोणाच्याच डोळ्यात आलं नाही का? मृत्युंजयमध्ये कुंती बोलते, वृषाली बोलते, मान्य, पण लिहिलं बाप्यानेच.

२००५ ला आमच्या गावची जागा महिला राखीव निघाली म्हणून मला उभं केलं. निवडून आले. पहिल्या मासिक सभेला माझ्या खुर्चीवर आमचे हे बसले होते आणि मी दाराजवळ. ग्रामसेवक सहीला वही घरी पाठवायचा. सहा महिने मी वाचल्याशिवाय सह्या केल्या, खोटं का बोलू. त्याच साली कविता महाजनांची ब्र आली होती, पण माझ्या हाती लागली अमळनेरच्या संमेलनात, म्हणजे २०२४ ला. तोवर माझं सरपंचपण कधीच संपलं होतं. आदिवासी भागातल्या बाया पंचायतीत काय काय सोसतात ते वाचताना वाटलं, हे पुस्तक मला वेळेवर मिळालं असतं तर पहिल्याच सभेत आमच्या ह्यांना खुर्चीवरून उठवलं असतं. मार्क बिर्क मी देत नाही.

मूळ भुसावळ, सध्या कोथरूड
ताई 🙏. रावेरीभाऊंनी दुनियादारीला ८ दिले ते सिनेमा बघून दिलेत असं माझं प्रामाणिक मत.

पण मूळ दुखणं वेगळंच आहे. धग बघा, १९६० ची, उद्धव शेळक्यांनी कौतिकच्या तोंडी सरळ वऱ्हाडी घातली, आणि पुण्यामुंबईने ती निमूट वाचली. आपल्याकडे काय? बहिणाबाईंनी आपल्या अहिराणीत एवढी मोठी गाणी रचली, आणि आपले कादंबरीवाले मात्र बोली वापरायला लाजले. खान्देशच्या भाषेत कादंबरी नाही हा खरा विषय आहे, मार्क काय घेऊन बसलात.

पांझराकाठ, धुळे
थांब भो. थांब.

बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. किती वेळा सांगायचं? त्यांचं माहेर आसोदा, जळगावला लागून. तिकडची बोली लेवा. अहिराणी आमच्याकडे, धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, वर मालेगाव, बागलाण. आम्ही 'मन्हं नाव' म्हणतो, ते 'माह्यं नाव' म्हणतात. आमचा 'घरना माणूस', त्यांचा 'घरचा माणूस'. आमच्याकडे 'शे', त्यांच्याकडे नाही. हा 'ना-नी-नं' गुजरातीसारखा जातो, मराठीसारखा नाही, एवढा मोठा फरक आहे. 'मले-तुले' दोन्हीकडे ऐकू येतं म्हणून पुण्यात बसून सगळ्याला अहिराणी लेबल लावायचं?

आणि अहिराणीत कादंबरी नाही असं कोणी सांगितलं? तू वाचली नाही एवढंच म्हण.

मूळ भुसावळ, सध्या कोथरूड
अरे बाबा भावना समजून घे ना. पुस्तकांच्या मागे, पेपरात, भाषणात सगळीकडे तसंच ऐकत आलो.

पांझराकाठ, धुळे
तेच तर. माझ्या पोरीला शाळेत 'अहिराणी कवयित्री बहिणाबाई' असं उत्तर लिहायला लावलं. तिने 'लेवा' लिहिलं, अर्धा मार्क कापला. मी जाऊन भांडलो. बाई म्हणाल्या, गाइडमध्ये असंच आहे. गाइड!

तापीकाठ
पांझराकाठ, बरोबर आहे तुझं, मी स्वतः लेवा बोलीतला आहे, आमची आजी आसोद्याची. पण उगाच भिंत नको घालू. दोन्ही बहिणीच आहेत.

पांझराकाठ, धुळे
बहिणी असतील. रेशनकार्ड वेगळं आहे.

आणि तुम्हाला काय जातं अण्णा, बहिणाबाई तुमच्याच राहतात. आमच्या भाषेला फुकटचं श्रेय मिळतं आणि तिचं खरं जे आहे ते कोणी बघत नाही. लग्नातली अहिराणी गाणी माझ्या आजीला रात्रभर पुरतील एवढी यायची, एकही लिहून घेतलं नाही आम्ही. बहिणाबाईंना मुलगा सोपानदेव होते, ऐकून लिहून ठेवायला. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला पुस्तक आलं. माझी आजी गेली तेव्हा आमच्या घरात लिहिता येणारे पाच जण होते.

तळोद्याचा
तुमचं संपलं का? खान्देश म्हटलं की जळगाव, फार झालं तर धुळे. आमचा नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, अजून लोक पत्त्यावर 'जि. धुळे' लिहितात. आमच्या बाजारात भिली, पावरी, मावची, गुजरी सगळं ऐकू येतं, आम्ही कोणत्या खात्यात?

रावेरीभाऊ, पानिपतला ९ दिलेत ना, त्यातले मल्हारराव होळकर आमच्या तळोद्यात मामाकडे वाढले, हे किती जणांना माहीत आहे. पण माझा राग दुसऱ्यावर आहे. त्याच विश्वास पाटलांची झाडाझडती, जिला १९९२ चं साहित्य अकादमी मिळालं, ती तुमच्या यादीत नाही. धरणात गाव जाण्याची गोष्ट आहे. सरदार सरोवरात आमच्या जिल्ह्यातली ३३ गावं गेली, मणिबेलीपासून सुरुवात. माझा मामा तिकडचा. त्याला जमीन दाखवली ती खडकाळ, बदलून मागितली तर कार्यालयात सांगितलं तुमचं नाव यादीत चुकून दोनदा आहे, आधी एक कमी करून आणा. एक कमी करायला तो तीन वर्षं फिरला. पुस्तकातला मुलुख आमचा नाही, पण साहेबाच्या टेबलासमोरचा माणूस अगदी आमचाच आहे. तुम्ही १७६१ चं रडगाणं ९ मार्कांनी ऐकता आणि नर्मदेचं ऐकत नाही.

रावेरी
अहो मी वाचलीच नाही ती! न वाचलेल्याला मार्क कसे देऊ? तुम्ही सगळे मिळून मला तालुक्याचा आमदार समजताय का, प्रत्येक जण निवेदन घेऊन येतोय.

रिटायर मास्तर
बारोमासला ५ दिल्याबद्दल निषेध. एकनाथ एम.ए. बी.एड. होऊन डोनेशनला पैसे नाहीत म्हणून घरी बसतो. माझ्या धाकट्या भावाला एका संस्थेने आकडा सांगितला तेव्हा वडिलांनी दीड एकर काढली. नोकरी लागली. जमीन गेली ती गेली. भाऊ आता बदलीसाठी रडतो. रावेरीशेठ, तुमच्या वहीत उधारी दिसते, ती का झाली ते त्या पुस्तकात आहे.

बाकी तुमच्या पिढीला श्यामची आई कोणी वाचायला देत नाही, गुरुजी आमच्या अमळनेरला शिकवायचे...

सरपंचबाई, शिंदखेडा
सर, श्यामची आई सुरू करू नका, मग रात्र जाईल. 😄

मूळ भुसावळ, सध्या कोथरूड
मी एवढंच म्हणत होतो की धग रडकी नाही. कौतिक एका जागी रडत बसत नाही, नवरा कुचकामी निघाला तरी गाडा ओढते. रडकी म्हणणाऱ्याने आपल्या आईला विचारावं.

रावेरी
आईवर जाऊ नका. माझी आई दुकान सांभाळून, सासूचं करून, आम्हा चौघांना वाढवून गेली आणि मी तिला रडताना कधी पाहिलं नाही. म्हणूनच ते पुस्तक मला झेपलं नाही, कळलं का. रडकी हा शब्द चुकला असेल. मी रडलो असेन. झालं समाधान?

तापीकाठ
मग ४ का दिले रे?

रावेरी
कारण मार्क रडायचे नसतात!!

बरं. धगला ७. झाडाझडती तळोद्याच्या भाऊंनी पाठवली तर वाचतो, एसटीने पाठवा, रावेर स्टँडवर घेतो. ब्र ताईंकडून घेईन, पण परत करायची जबाबदारी माझी नाही. बारोमासचं ५ राहील, मास्तरांनी कितीही निषेध करावा. कोसलाला ३ चे ४ करतो. वाढलेला १ लुनाचा.

तापीकाठ
मनीचं प्रकरण परत वाच. मग बोलू. लुनाचा १ वडिलांच्या नावावर जमा केला आहे.

मूळ भुसावळ, सध्या कोथरूड
चला, निदान धगचं भलं झालं.

पांझराकाठ, धुळे
धग ७ होवो का ७०. तू आधी तुझी वरची कमेंट एडिट कर. अहिराणी काढ तिथून.

मूळ भुसावळ, सध्या कोथरूड
केली. आता 'आपल्या खान्देशी भाषेत' असं लिहिलंय.

पांझराकाठ, धुळे
खान्देशी म्हंजे कोनती रे भो? आते परत पयलेपाईन सांगू का?