मदत हवी आहे: स्केल जुळतंय, तरी मिक्स बेसूर का वाटतो?

मंडळी, डीजे म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मी कॅमेलॉट चक्र वापरतो, म्हणजे कुठली स्केल कुणाशी जुळते हे आकडा-अक्षराने दाखवणारा गोल तक्ता. पहिलं गाणं ८ए, म्हणजे ए मायनर, टेम्पो मिनिटाला १२७ ठोके. दुसरं ९ए, ई मायनर, टेम्पो १२०. चक्रावर शेजारी-शेजारी, म्हणजे छान जुळायला हवं. पण दुसरं १२७ वर नेलं की बेस आला रे आला, कान किटतात!

गणित केलं तर वेग जवळपास ६ टक्के वाढतोय, म्हणजे सूर साधारण अर्ध्या स्वराने वर. ई मायनरचं एफ मायनर झालं, ४ए. मग भांडण होणारच. की लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) लावला तर सूर जागेवर राहतो, पण गायिकेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो आणि ड्रमची धार जाते.

तुम्ही काय करता? दोन्ही गाणी थोडी-थोडी सरकवून १२३-१२४ वर आणता, की नुसत्या ड्रमच्या तुकड्यावरच बदल उरकता? आणखी एक, सॉफ्टवेअर एकाच गाण्याला कधी ८ए म्हणतं, कधी ८बी, म्हणजे सी मेजर. स्वर तेच, पण षड्ज कुठला हे कानाने कसं ओळखायचं? पेटी आहे जवळ, वाजवता जेमतेम येते.