मदत हवी आहे: आशा देणारी पॉप गाणी सुचवा ना

मी पहिल्यांदाच मतदान करणारे आणि खरं सांगू तर राजकारणाच्या बातम्या वाचून मन खचतं, पण हेडफोन लावून एखादं जोरदार पॉप गाणं ऐकलं की परत वाटायला लागतं काहीतरी बदलेल. एस्टोनियात १९८८ साली लाखो लोक मैदानात जमून गात होते आणि १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, हे वाचल्यापासून तर डोक्यातून जातच नाहीये. मंडेला तुरुंगात असतानाच लंडनच्या वेम्ब्लीत त्यांच्या सत्तरीची कॉन्सर्ट झाली, तीही १९८८ मध्येच! १९९० ला ते सुटले. गाण्याने किती फरक पडला असेल? तुम्हाला एखाद्या गाण्याने खरंच घराबाहेर काढलंय का, मोर्चाला किंवा मत द्यायला? कुठलं ते प्लीज सांगा, भाषा कुठलीही चालेल.