छोटी व्हिस्की डिस्टिलरी बघायचीय, सांगलीहून कुठं जावं?

विट्याचा_गडी: रामराम मंडळी. आमच्या मेहुण्यांनी पन्नाशीत आयटीतली नोकरी सोडली. आता स्वतःची व्हिस्की काढायची म्हणतात. (बहिणीला अजून पत्ता नाही.) पैसे घालायच्या आधी एखादी डिस्टिलरी डोळ्यांनी बघू म्हटलं. सांगली-साताऱ्यात कुठं बघायला मिळेल का?

कृष्णाकाठ: आपल्याकडं डिस्टिलरी म्हटलं की साखर कारखान्याची. मळीपासून स्पिरिट काढायचं, टँकर भरायचा. बघायला म्हणून कुणी सहजासहजी आत सोडत नाही. आपल्या देशातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत हेच मळीचं स्पिरिट असतं. युरोपात ते व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. तिथं धान्यापासूनच काढावी लागते आणि किमान ३ वर्षं लाकडी पिंपात ठेवावी लागते.

खरी सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की) बघायची तर कुंकळ्ळीला जा, दक्षिण गोव्यात. पॉल जॉन या व्हिस्कीवाल्यांचं व्हिजिटर सेंटर आहे. कंपनी छोटी नाही, पण तांब्याच्या भट्ट्या आणि पिंपांचं कोठार बघितलं की मेहुण्यांना धंद्याचा अंदाज येईल. आधी फोन करून वेळ घ्या. जाताना आजरा-आंबोली-सावंतवाडी धरा.

तिथं एकच गोष्ट खोदून विचारा: पिंपातून दरवर्षी किती उडून जातं? स्कॉटलंडात साधारण २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात ८ च्या आसपास. म्हणजे ५ वर्षांत तिसरा हिस्सा हवेत! आणि तोवर विकायला काहीच नाही. म्हणून तर जगभर नवे लोक आधी जिन काढतात. तिला मुरवावं लागत नाही, लगेच बाटलीत भरता येते. मेहुण्यांनी याचा हिशेब मांडलाय का?

तासगावची_सून: एवढं लांब कशाला? पलूसला वाईन पार्क आहे की. नाहीतर नाशिकला सुला बघा, अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी उभी केली. मेहुण्यांना हुरूप येईल.

कृष्णाकाठ: ताई, हुरूप त्यांच्याकडं भरपूर दिसतोय. वाईन नुसती आंबवतात, इथं आंबवून पुन्हा भट्टीवर चढवायचं असतं. परवाना वेगळा, आगीची भीती वेगळी.

कराडचा_ड्रायव्हर: येताना गोव्याची बाटली गाडीत नको. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला लावतात. आणि चाखणाऱ्यानं स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

विट्याचा_गडी: कृष्णाकाठ, ५ वर्षांचं ऐकून मेहुणे जरा गप्प झाले. तरी पुढच्या आठवड्यात कुंकळ्ळीला जायचं ठरलंय. गाडी मी चालवणार. जिनसाठी वेगळा परवाना लागतो का, कुणाला माहीत आहे?