आधी ड्राइव्ह पाहावा, मग सॉफ्टवेअर

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर एकाच १५४१ फ्लॉपी ड्राइव्हच्या आधारे 'इमेज बीबीएस' (फोनवरून जोडणाऱ्यांना संदेश आणि फाइली पुरवणारे 'बुलेटिन बोर्ड' सॉफ्टवेअर) चालवावे का, या प्रश्नावर चर्चा आतापर्यंत सुविधांचीच झाली आहे. माझ्या मते निर्णय ड्राइव्हवरून व्हावा. या संगणकात बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेला ३८,९११ बाइटच मोकळे मिळतात, म्हणून इमेज आपले विभाग गरजेनुसार डिस्कवरून मेमरीत आणते; कॉल करणारा संदेशांकडून फाइलींकडे वळला की १५४१ घरघरू लागतो आणि तो बिचारा थिजलेल्या पडद्यासमोर ताटकळतो. शिवाय डिस्कच्या एका बाजूवर मोकळे ब्लॉक (साठवणीचे २५६ बाइटचे तुकडे) ६६४, म्हणजे जेमतेम १७० किलोबाइट. त्यातच प्रोग्रॅम, संदेश आणि सभासदांची यादी बसवायची. अधिक क्षमतेचा १५८१ ड्राइव्ह जोडता आला तर ३,१६० ब्लॉक मिळतात. तसा ड्राइव्ह असेल तर इमेज निःशंकपणे निवडावे.